खंड्या, सहा फूट दहा इंचांची बोट आणि दहा टँकर पाणी

इंग्लंडला जाऊन आलो म्हटलं की लोकांचे तीन प्रश्न ठरलेले. लंडन आय केलं का, थंडी होती का, आणि तिसरा जरा हळू आवाजात, साधारण कितीला पडलं. मी म्हणतो अहो लंडन बघितलंच नाही, आम्ही तीन दिवसांत दादर ते डोंबिवली एवढं अंतर गेलो आणि तीन दिवसांत परत आलो, आणि तरी रोज संध्याकाळी खांदे दुखायचे. मग समोरचा विषय बदलतो. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं टाईप करून टाकावं, ज्याला वाचायचंय तो वाचेल.

ताई कॉव्हेंट्रीला राहते, वीसेक वर्षं झाली. तिने मधे शेल्टरमधून एक कुत्रा आणला, टेरियर आणि अजून कसलं तरी मिश्रण, पांढरा, एका कानावर तपकिरी डाग, उंचीने गुडघ्याच्या खाली पण रुबाब असा की गल्ली ह्याच्या बापाची. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि देवाच्या फोटोत घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच, म्हणून ताईने नाव ठेवलं खंडू. दोन दिवसांत त्याचं खंड्या झालं, आपल्याकडे सगळ्यांचं होतं तसं. शेजारच्या गोऱ्या आजी त्याला कँडी म्हणतात. बिस्कीट हातात असेल तर तो दोन्ही नावांना येतो. या नावावरून पुढे एक रामायण झालं, ते येईलच.

दाजींच्या डोक्यात बरीच वर्षं होतं की एकदा बोट भाड्याने घ्यायची आणि कॅनॉलने फिरायचं. आम्ही दोघं जूनमध्ये येतोय म्हटल्यावर त्यांनी बुकिंगच करून टाकलं. ताई, दाजी, भाचा, मी, बायको आणि खंड्या. कुत्र्याचे थोडे पैसे वेगळे लागले. मी फोनवर विचारलं, दाजी, बोट केवढी आहे हो? म्हणाले, साठ फूट लांब. मी खूश. आणि रुंद? म्हणाले, सहा फूट दहा इंच.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नाय, खरंच तेवढीच. त्या बोटीला नॅरोबोट म्हणतात ते उगाच नाही. आत भिंतींची जाडी वजा केली की सहा फुटांच्या आसपास उरतं, त्यातूनच जायची वाट, त्यातच किचन, त्यातच बंक, त्यातच संडास. बायकोने फोटो बघितला आणि म्हणाली, हा तर लोकलचा डबा आहे. माझ्या मनात मात्र वेगळंच आलं. मी मुंबईच्या बीडीडी चाळीत वाढलो, डीलाइल रोडला. 160 स्क्वेअर फूट खोली, एका मजल्यावर 20 खोल्या, संडास कॉमन. मला अरुंद म्हणजे काय ते शिकवायची गरज नव्हती.

सहा फूट दहा इंच का, तर कॅनॉलवरचे लॉक, म्हणजे बोट वरखाली करायला बांधलेले गेटवाले हौद, सात फुटांचे आहेत म्हणून. आणि लॉक सात फुटांचे का, तर जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनियरने अठराव्या शतकात तसं ठरवलं म्हणून. रुंद केले तर खर्च जास्त, पाणी जास्त. या माणसाने 1761 मध्ये ब्रिजवॉटर कॅनॉल करून एका ड्यूकच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला पोचवला, कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला, आणि मग सगळ्यांनाच कॅनॉल पाहिजे झाले. आम्ही गेलो तो ऑक्सफर्ड कॅनॉल, तोही त्याच्याच हातचा, 1769 मध्ये कायदा पास झाला, 1772 मध्ये ब्रिंडली गेला, आणि पाणी ऑक्सफर्डपर्यंत पोचायला 1790 उजाडलं. बघा म्हणजे, पेशवाई चालू होती आपल्याकडे. त्याने ठरवलेल्या मापात आज माझी बायको चपात्या लाटत होती.

नॅप्टन नावाच्या गावाजवळून सुरुवात केली. टेकडीवर एक पवनचक्की आहे, लांबून दिसते, आणि दोन तास बोट चालवली तरी दिसतच राहते. बोट ताब्यात देणाऱ्या पोऱ्याने तासभर सगळं समजावलं, लायसन वगैरे काही विचारलं नाही, आणि साठ फुटांचं लोखंडी धूड आमच्या हातात देऊन तो निघून गेला. स्टिअरिंग नसतंच. मागे एक दांडा असतो, टिलर, तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. ब्रेकही नाही, रिव्हर्स टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. लिमिट ताशी चार मैल, पण कडेला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून हळू, नाहीतर त्यांच्या घरातले कप हलतात आणि खिडकीतून डोकं बाहेर येतं. हो, घरातले, कारण कितीतरी लोक बोटीतच राहतात, आणि ज्यांची कायमची जागा नाही त्यांना साधारण 14 दिवसांनी पुढे सरकावं लागतं. इंजिनाचा आवाज भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचसारखा, फक्त आवाज कमी केलेला.

खंड्याला मात्र कोणी काही शिकवलं नाही. त्याचं नारिंगी लाईफ जॅकेट होतं, पाठीवर हँडल असलेलं, त्या हँडलला धरून भाच्याने त्याला डबेवाल्याने डबा चढवावा तसा उचलून बोटीत ठेवला. तो सरळ मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला, जिथून चालवणारा माणूस, किचन आणि दोन्ही काठ एकदम दिसतात. आठवडाभर ती त्याची जागा. नंतर कळलं की तीच जागा बरी, कारण डेकवर टिलर जोरात फिरला तर कुत्रा काय, माणूसही पाण्यात जातो. छपरावर उभे राहिलेले कुत्रे फोटोत छान दिसतात, पण लोखंडी छप्पर उन्हात तव्यासारखं तापतं, त्यामुळे आम्ही ती हौस केली नाही.

आता लॉक. हे नीट सांगतो कारण सगळी मजा आणि सगळी अंगदुखी त्यातच आहे. कॅनॉलला चढ चढायचा तर पाण्याच्या पायऱ्या लागतात. बोट रिकाम्या लॉकमध्ये न्यायची, मागचं गेट बंद करायचं, मग विंडलास नावाचा एल आकाराचा पाना घेऊन पुढच्या गेटची पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, वर फिरवायची, वरचं पाणी आत येतं, बोट वर यायला लागते, आणि आतलं बाहेरचं पाणी एका पातळीला आलं की गेटच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचं. पातळीत इंचभर फरक असेल तर चार माणसं लागली तरी गेट हलत नाही, आणि बरोबर झाली की ताई एकटी उघडते. वीज नाही, मोटर नाही, सगळं हाताने. नॅप्टनला असे नऊ लॉक आहेत, सात आणि मग थोडं पुढे दोन. चौथ्या लॉकला माझा टीशर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता आणि बाजूच्या शेतात म्हशी उभ्या होत्या. खरंच म्हशी. इंग्लंडमध्ये म्हैस बघून मला जो आनंद झाला तो बकिंगहॅम पॅलेस बघून झाला नसता. खंड्याने आयुष्यात एवढं मोठं कुत्रं बघितलं नव्हतं बहुतेक, तो भुंकलाच नाही.

लॉकच्या बाजूला बघे उभे असतात, आईस्क्रीम खात, त्यांच्यासाठी तिकडे चक्क शब्द आहे, गाँगूझलर. आपल्याकडे जेसीबी बघणारे असतात ना, तेच.

मी बसल्या बसल्या हिशोब केला. लॉक साधारण 72 फूट लांब, सात फूट रुंद, आणि पाण्याची उंची सात फूट धरली तर जवळजवळ एक लाख लिटर. म्हणजे दहा हजारवाले दहा टँकर. एक बोट एकदा वर चढवायला वरचं दहा टँकर पाणी खाली सोडायचं! मे महिन्यात आमच्या सोसायटीत दिवसाला दोन टँकर मागवताना सेक्रेटरीचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय, त्यामुळे पॅडल उघडताना मला दर वेळी अपराधी वाटायचं. म्हणून समोरून बोट येत असेल तर तिच्यासाठी थांबायचं, तिने रिकामा केलेला लॉक आपण वापरायचा, एकाच पाण्यात दोन बोटींचं काम होतं. आणि म्हणूनच कॅनॉलचा सगळ्यात उंच भाग असतो तिथे पाणी पुरवायला तलाव बांधून ठेवलेत. पाण्याचं हे गणित दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी केलं त्यांना मी मनातल्या मनात सलाम ठोकला.

लॉक चालू असताना खंड्या आत, दार बंद, हा दाजींचा नियम, आणि त्यावर चर्चा नाही. लॉकच्या भिंती सरळ, शेवाळलेल्या, आत पाणी उकळल्यासारखं खवळतं, तिथे कुत्रं पडलं तर बाहेर काढणं मुश्कील. उतरताना अजून एक भानगड, गेटच्या खाली पाण्यात दगडी उंबरा असतो, सिल म्हणतात, बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला तर पाणी खाली जातं आणि बोट तिथेच टांगते, पुढून बुडते. पांढरी रेघ मारलेली असते की याच्या मागे बोट ठेवू नका. मी टिलरवर असलो की ताई वरून ओरडायची, अरे पुढे घे, पुढे घे, रेघ बघ! लहानपणी अभ्यासाला बसवायची तोच आवाज. पन्नाशी उलटली माझी.

नऊ लॉक चढलो आणि मग अकरा मैल एकही लॉक नाही. हा भाग मला सगळ्यात आवडला. ब्रिंडलीची पद्धत अशी की मधे टेकडी आली तर ती फोडायची नाही, तिला वळसा घालून एकाच उंचीवरून जात राहायचं. त्यामुळे वर्मलेटनच्या आसपास कॅनॉल अशी वळणं घेतो की सकाळी डावीकडे दिसलेलं शेतघर दुपारी उजवीकडे दिसतं आणि माणूस म्हणतो आपण नक्की पुढे चाललोय ना. उत्तरेकडचा भाग 1830 च्या दशकात सरळ करून कितीतरी मैल वाचवले, दक्षिणेकडचा तसाच वाकडातिकडा राहिला, ते फार बरं झालं. भाचा आणि खंड्या काठावरच्या पायवाटेने चालायचे, टोपाथ म्हणतात तिला, पूर्वी बोट ओढणारे घोडे याच वाटेने चालायचे. ते दोघं आमच्या पुढे जायचे, पुलाखाली बसून वाट बघायचे, आम्ही पोचलो की खंड्या असा बघायचा की आलात का एकदाचे. काही पुलांच्या कोपऱ्यांना खोल खाचा पडल्यात, घोड्याचा ओला दोर वर्षानुवर्षं घासून. भाच्याने त्यात हाताचं बोट घातलं तर अर्धं बोट आत गेलं.

आता ते रामायण. संध्याकाळ होती, म्हणजे घड्याळात आठ, ऊन दुपारसारखं. बोट काठाला बांधलेली, रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद ठेवायचं असतं त्यामुळे एकदम सामसूम. मी पुढच्या डेकवर चहा घेऊन, खंड्या पायाशी झोपलेला, जॅकेट काढलेलं, कारण म्हटलं आता कुठे जातोय. तेवढ्यात पाण्यावरून निळं काहीतरी सरकन गेलं आणि समोरच्या फांदीवर बसलं. मी आयुष्यात एवढ्या जवळून बघितला नव्हता. तोंडातून निघालं ते मराठीतच निघालं, आणि मोठ्याने निघालं. अरे खंड्या! खंड्या, खंड्या! आणि हात पाण्याकडे.

किंगफिशरला आपण खंड्या म्हणतो हे त्या कुत्र्याला कोणी सांगितलं होतं?

मामा बोलावतोय, मामा पाण्याकडे हात करतोय, म्हणजे मामाला पाण्यातलं काहीतरी पाहिजे. झोपेतून उठून त्याने सरळ उडी मारली. पोहता येतं त्याला, त्याची भीती नाही, कॅनॉलही मधे चार-साडेचार फूटच खोल. पण काठाला लोखंडी पत्रे ठोकलेले, उभे, गुळगुळीत, त्यावर पंजा टिकत नाही, तो काठाला यायचा, नखं घासायचा आणि परत मागे जायचा. ते नखांचं घासणं अजून ऐकू येतं मला. दाजी टोपाथवर पालथे झोपले, भाच्याने त्यांचे पाय धरले, आणि पट्ट्याला धरून त्याला वर घेतला. एखाद मिनिटाचा खेळ असेल. ताई मला काही बोलली नाही, म्हणजे किती रागावली असेल ते समजा. जॅकेट बोट बांधल्यावरही काढायचं नाही हा नियम त्या दिवशी झाला, तो माझ्यामुळे.

वर आल्यावर खंड्याने आत जाऊन अंग झाडलं. सहा फुटांच्या खोलीत. बंक, उशा, बायकोने सुकवत ठेवलेला पंजाबी ड्रेस, पोह्यांचा डबा, सगळ्यावर कॅनॉलचं पाणी. जून असूनही स्टोव्ह पेटवला आणि रात्रभर ओल्या कुत्र्याच्या वासात झोपलो. पक्षी अर्थातच उडून गेला होता. भाचा दोन दिवस मला बघितलं की म्हणायचा, मामा, किंगफिशर बोल, प्लीज किंगफिशरच बोल.

त्या रात्री झोप येईना म्हणून पडल्या पडल्या विचार करत होतो की मला इथे एवढं घरच्यासारखं का वाटतंय. शांतता म्हणावी तर पहाटे पाचला बदकं बोटीच्या पत्र्याला चिकटलेलं शेवाळ खायला येतात आणि कानाशी टकटक टकटक सुरू होते. ते घरच्यासारखं वाटणं होतं ते चाळीमुळे. पाणी बघा, टाकीत आहे तेवढंच, नळ दिसला की बोट लावून भरून घ्यायचं, आणि आंघोळीला कोण जास्त वेळ गेलं यावरून भांडण. पलंग सकाळी मोडायचा तर टेबल होतं. एकाला पुढे जायचं तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. बाजूने बोट जाते ती हातभर अंतरावरून, तिच्या खिडकीतून तिची भाजी दिसते, आणि न बोलता कोणी जात नाही, मॉर्निंग, लव्हली डे, कुत्र्याचं नाव काय. आमच्या कांदिवलीच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत, एकाचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. एका दुपारी मुगाच्या खिचडीचा कुकर लावला, मुंबईहून नेलेला, तिसरी शिट्टी झाली तर टोपाथवरचा एक म्हातारा थांबून विचारतो, इंजिनाला काही झालंय का, मदत हवी का? त्याला वाटीभर खिचडी दिली. वाटी धुवून आणून दिली त्याने, रिकामी नाही, चार टोमॅटो घालून. हे मी शेवटचं बीडीडीत बघितलं होतं.

आणि आम्ही तर हौसेने राहत होतो. रेल्वे आली, मालवाहतुकीची भाडी पडली, तेव्हा नावाड्यांना काठावरचं घर परवडेना म्हणून बायकापोरं बोटीवर आली. माल पुढे सगळ्या लांबीत, आणि अख्खं कुटुंब मागच्या साधारण दहा फुटांच्या केबिनमध्ये. दहा बाय सात. आमची खोली त्याच्या दुप्पट होती. त्यातच चूल, त्यातच बाळंतपण, आणि तरी दारावर, डब्यांवर, पाण्याच्या कॅनवर रंगीत गुलाब आणि किल्ले काढलेले, आजही नवीन बोटींवर काढतात. 1962-63 च्या हिवाळ्यात कॅनॉल कित्येक आठवडे गोठले आणि उरलासुरला मालाचा धंदाही त्यात गेला.

बॅनबरीला पोचलो तर अजून एक धक्का. तिथे टूलीज म्हणून बोटयार्ड आहे, 1790 पासूनची ड्राय डॉक, म्हणजे पाणी काढून टाकून बोट दुरुस्त करायची गोदी, अजून चालू, आणि तिच्या चहूबाजूंनी शॉपिंग सेंटर बांधलंय. लोअर परळला मिलच्या चिमणीखाली मॉल बघायची सवय असल्याने मला काही वेगळं वाटलं नाही, फरक एवढाच की इथे आत खरोखर कोणीतरी बोट ठोकत होता. बाजूच्या पबमध्ये गेलो तर आमच्या आधी खंड्यासाठी पाण्याची वाटी आली. आमच्या सोसायटीत कुत्र्याने लिफ्टने जावं का जिन्याने यावर दोन एजीएम झाल्यात, अजून निकाल नाही.

परतीचं सांगत बसत नाही, तेच लॉक, उलट्या क्रमाने, आणि दोन दिवस पाऊस. तरी एक गोष्ट राहिली, संडास. बोटीतल्या संडासाखाली एक कॅसेट असते, चाकं आणि हँडल असलेली, प्रवासी बॅगेसारखी दिसते, भरली की ओढत ओढत ठरलेल्या ठिकाणी नेऊन रिकामी करायची आणि धुवायची. ज्याने कुत्रा पाण्यात पाडला त्यानेच हे काम करायचं असं बहुमताने ठरलं. मी ती ओढत चाललोय, बाजूला खंड्या जॅकेट घालून, असा फोटो दाजींनी फॅमिली ग्रुपवर टाकला. आईने आधी अंगठा दिला, मग व्हॉइस मेसेज पाठवला, अरे, कुत्र्याला फिरवताना एवढी जड बॅग कशाला घेतलीस, काय भरलंयस त्यात? अजून तिला कोणी सांगितलेलं नाही.